बेक्सहिलचा पुडिंगफेक्या: ‘गून शो’चा एक भाग सुटा करून पाहताना

मंगळवार, १२ ऑक्टोबर १९५४. बीबीसी रेडिओच्या होम सर्व्हिसवर ‘द गून शो’ या विनोदी कार्यक्रमाच्या पाचव्या मालिकेतला तिसरा भाग लागला. नाव लांबलचक: ‘द ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर ऑफ बेक्सहिल-ऑन-सी’. मराठीत म्हणायचं तर ‘बेक्सहिलचा भयंकर पुडिंगफेक्या’. साल १९४१, युद्ध चालू आहे, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका सभ्य, शांत गावात कुणीतरी म्हाताऱ्या माणसांना अंधारातून पुडिंग फेकून मारतंय. पोलिसांचा तपास सुरू होतो आणि थेट उत्तर आफ्रिकेच्या वाटेला लागतो. अर्धा तास संपतो तेव्हा निकाल लागलेला नसतो. कथानक म्हणावं असं एवढंच.

पहिल्यांदा ऐकणारा बहुधा दहाव्या मिनिटाला हात टेकतो. वेग सुसाट, आवाज चित्रविचित्र, आणि थिएटरातले प्रेक्षक नेमके कशाला हसताहेत ते कळत नाही. यात ऐकणाऱ्याची चूक नाही. १९५४ सालच्या ब्रिटिश श्रोत्याला जे न सांगता माहीत होतं ते आपल्याला माहीत नाही, एवढाच फरक. ते एकदा कळलं की लक्षात येतं, वरवर वेडगळ वाटणारा हा भाग फार काटेकोर हिशेबाने बांधलेला आहे. त्यात सैल सोडलेलं फार थोडं सापडतं.

सुरुवात पुडिंगपासूनच करू, कारण आपला पहिला घोटाळा तिथेच होतो. हे पुडिंग गोड नाही. कस्टर्ड किंवा कॅरॅमलवालं तर नाहीच. बॅटर पुडिंग म्हणजे मैदा, अंडी, दूध आणि चिमूटभर मीठ यांचं सरसरीत पीठ, डोशापेक्षा थोडं पातळ. कडकडीत तापलेल्या चरबीत ते ओतायचं आणि भट्टीत भाजायचं. यॉर्कशर पुडिंग म्हणतात ते हेच. जुनं घरगुती प्रमाण असं: ११० ग्रॅमच्या आसपास मैदा, एक किंवा दोन अंडी, अर्धा पाइंट म्हणजे साधारण २८५ मिलिलिटर दूध. भट्टी २२० अंशांना, म्हणजे ब्रिटिश गॅसच्या भट्टीवर ७ नंबरला. पंचवीस-तीस मिनिटं. यात सोडा नाही, यीस्ट नाही. पुडिंग फुगतं ते निव्वळ पाण्याच्या वाफेवर. पीठ गरम चरबीला लागलं की खालून वाफ उसळते आणि पिठाला वर ढकलते. अंड्यातली प्रथिनं आणि मैदा त्याच वेळी आळून भिंती धरतात. चरबी पुरेशी तापलेली नसेल तर वाफ उशिरा होते आणि तळ चिकट राहतो. भिंती आळायच्या आत भट्टीचं दार उघडलं की सगळा डोलारा बसतो.

हे स्वयंपाकघर इथे आणण्याचं कारण आहे. नीट जमलेलं बॅटर पुडिंग आतून पोकळ, कडांना कुरकुरीत आणि हलकं असतं. ते फेकून मारलं तर खडखड वाजेल, फार लागणारही नाही. भागात मात्र ते आदळतं तेव्हा ‘पचाक’ असा ओला, जड आवाज येतो. म्हणजे फेकणाऱ्याचं पुडिंग कच्चं राहिलंय. हा विनोद कार्यक्रमाचा लेखक स्पाइक मिलिगनने योजला होता की नाही कोण जाणे, पण पुडिंग करून खाल्लेल्या ब्रिटिश कानाला तो कच्चेपणा ऐकू येत असणार.

त्याहून महत्त्वाची गोष्ट रेशनिंगची. युद्धात इंग्लंडमध्ये मोठ्या माणसाला आठवड्याला जेमतेम एक ताजं अंडं मिळे. बाकी गरज अंड्याच्या पुडीवर भागवायची: एक सपाट टेबलचमचा पूड आणि दोन चमचे पाणी म्हणजे एक अंडं. दुधाचं प्रमाण ठरलेलं, चरबीचं ठरलेलं. युद्ध संपल्यावर हे लगेच थांबलं असं नाही. युद्धात जो पाव रेशनवर नव्हता तो १९४६ साली रेशनवर आला आणि दोन वर्षं राहिला. अंडी मोकळी झाली १९५३ च्या मार्चमध्ये, आणि शेवटचं बंधन, मांसाचं, उठलं ४ जुलै १९५४ ला. हा भाग लागला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, म्हणजे रेशनकार्ड बाद होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. चौदा वर्षं अन्न मोजून खाल्लेल्या लोकांसमोर रेडिओवरचा कुणी वेडा १९४१ साली अंडी, दूध आणि चरबी घालून केलेला पदार्थ रस्त्यावर फेकतोय. म्हातारीला लागलं हा गुन्हा झालाच, पण त्याहून भयंकर ती नासाडी. शीर्षकातल्या ‘भयंकर’ या शब्दाला श्रोते उगाच हसत नव्हते.

गाव कोणतं निवडलं तेही बघा. बेक्सहिल-ऑन-सी हे ससेक्समधलं किनाऱ्यावरचं गाव, निवृत्त होऊन राहायला येणाऱ्या सुखवस्तू म्हाताऱ्यांचं म्हणून ओळखलं जाणारं. संध्याकाळी लवकर सामसूम. अशा ठिकाणी गुन्हा म्हटल्यावर तो पुडिंगचाच असणार. पण मिलिगनने हे गाव नकाशावर बोट ठेवून शोधलेलं नाही.

अहमदनगर, पुणे, बेक्सहिल, अल्जिअर्स

स्पाइक मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर). वडील ब्रिटिश सैन्यात, तोफखान्यात. बालपणाचा मोठा भाग पुण्याच्या कॅम्पात गेला, कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत तो शिकला. पुढे कुटुंब रंगूनला आणि तिथून लंडनला गेलं. युद्ध सुरू झाल्यावर तोही तोफखान्यातच दाखल झाला: ५६ वी हेवी रेजिमेंट. १९४० साली त्याची नेमणूक झाली बेक्सहिलला.

तिथे त्यांच्याकडे पहिल्या महायुद्धातल्या जुनाट ९.२ इंची हॉवित्झर तोफा होत्या. सरावासाठी गोळे नव्हते. मग तोफेच्या तुकडीतले लोक गोळा भरल्यासारखं करत आणि एकसाथ ‘बँग!’ असं ओरडत. हे मिलिगननेच पुढे लिहून ठेवलंय. समोर खाडीपल्याड जर्मन सैन्य, आक्रमण आज होतंय की उद्या अशी हवा, आणि किनाऱ्याचं रक्षण करणारी माणसं तोंडाने धडाम म्हणताहेत. हे डोक्यात ठेवून मग हा भाग ऐका. गोळ्यांविना बसलेल्या गावावर कुणीतरी अचूक नेम धरून मारा करतंय, आणि तोही पुडिंगचा! १९४३ च्या जानेवारीत मिलिगनची रेजिमेंट जहाजाने अल्जिअर्सला उतरली. भागातला पाठलागही बेक्सहिलहून निघतो आणि सैन्य घेऊन जाणाऱ्या जहाजातून अल्जिअर्सकडेच जातो. ज्याला आपण कल्पनेच्या भराऱ्या समजतो तो एका तोफखान्यातल्या शिपायाचा खरा प्रवास आहे. फक्त दारूगोळ्याच्या जागी मैदा आलाय.

पुण्याचा धागा मात्र ताणू नये. मिलिगनच्या प्रत्येक ओळीत कॅम्प शोधायची हौस आपल्याकडे असते. ठळक धागा एकच, मेजर ब्लडनॉक: भ्याड, लाचखाऊ, पोटाने कायम बिघडलेला, हिंदुस्थानातल्या नोकरीच्या बढाया मारणारा अधिकारी. छावणीत वाढलेल्या मुलाने असे साहेब जवळून पाहिले असणार. बाकी मालिकेत लालकाका आणि बॅनर्जी नावाची भारतीय पात्रंही येतात. त्यांच्या उच्चारांची नक्कल आज कानाला खटकते, आणि खटकायलाच हवी. या भागाला त्यांची गरज पडत नाही.

तीन गळे, डझनभर माणसं

आता आवाजांकडे. गर्दी ऐकून वाटतं की माईकसमोर दहा-पंधरा नट आहेत. असतात तिघे: मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकूम. चौथा निवेदक, वॉलेस ग्रीनस्लेड. (सुरुवातीला मायकल बेंटीन हा आणखी एक जण होता, तो १९५२ साली बाहेर पडला.)

एकच नट दोन पात्रं करू लागला की एक अडचण येते: ती दोन पात्रं एकमेकांशी भरभर बोलू शकत नाहीत. गळा बदलायला अर्धा-पाव सेकंद तरी हवा, आणि वाक्यावर वाक्य चढवून बोलायचं असेल तर ते अशक्यच. मिलिगनने यावर पात्रांच्या जोड्या बांधून उपाय काढला. हेन्री क्रन हा थकलेला म्हातारा सेलर्सचा, तर त्याची जोडीदारीण मिनी बॅनिस्टर मिलिगनची. ब्लूबॉटल हा किरट्या आवाजाचा शाळकरी पोर सेलर्सचा, तर त्याचा मठ्ठ दोस्त एकल्स मिलिगनचा. ग्रिटपाइप-थिन हा गुळगुळीत लफंगा सेलर्सचा, त्याचा भुकेकंगाल साथीदार मोरियार्टी मिलिगनचा. प्रत्येक जोडीत एक आवाज याचा, एक त्याचा. त्यामुळे दोघं एकमेकांचं बोलणं तोडत, एकमेकांवर पुटपुटत कितीही वेळ खेळू शकतात.

आणि मधोमध सीकूमचा नेडी सीगून. त्याला जोडीदार नाही, कारण सीकूम मुख्यतः हे एकच पात्र करतो. म्हणून तो कुणाशीही बोलू शकतो. गोष्टीचा नायक तोच का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. तो भोळा आहे, समोरचा सांगेल ते खरं मानतो, आणि एका जोडीकडून दुसरीकडे गोष्ट वाहून नेतो. सेलर्सची दोन पात्रं लागोपाठ आणायची वेळ आली तर मध्ये ग्रीनस्लेडचं निवेदन येतं, किंवा आवाजाचा एखादा तुकडा. ऐकताना कागद घेऊन बसलात तर हे सांधे सापडतात.

ग्रीनस्लेड हा बीबीसीचा खराखुरा वृत्तनिवेदक होता. आकाशवाणीच्या बातम्या देणारा तोच धीरगंभीर आवाज विनोदी कार्यक्रमात शिरून हत्तींची भौगोलिक माहिती देऊ लागला तर काय होईल, तसं ते. तो कधीही विनोद केल्यासारखं बोलत नाही. एकदा जरी त्याच्या आवाजात हसू उमटलं असतं तरी सगळी इमारत कोसळली असती.

हत्तीचा हंगाम

पहिल्या दोन मिनिटांतला एक तुकडा जवळून पाहू. क्रन आणि मिनी किनाऱ्यावरच्या कड्यांवर फिरायला आलेत. क्रन मिनीला आपली हत्तीची बंदूक जरा धरायला सांगतो. ती म्हणते, कशाला आणलीत ही, इंग्लंडमध्ये हत्ती मारता येत नाहीत. तो विचारतो, का नाही? ती म्हणते, सध्या त्यांचा हंगाम नाही.

‘का नाही?’ या प्रश्नाला आपल्या मनात एकच उत्तर तयार असतं: कारण इथे हत्ती नाहीत. मिनी ते उत्तर देत नाही. तिच्या मते हत्ती आहेत, अडचण फक्त नियमाची आहे. इंग्लंडमध्ये शिकारीच्या पक्ष्यांना कायद्याने ठरलेले बंद हंगाम असतात. ग्राउस पक्षी मारायला सुरुवात १२ ऑगस्टला, शेवट १० डिसेंबरला. प्रतिष्ठित इंग्रज माणूस हे दिवस सणासारखे पाळतो. म्हणजे मिनीचं उत्तर वेडगळ असलं तरी कायदेशीर आहे. वस्तुस्थिती धाब्यावर बसवली, पण शिस्त सोडली नाही.

सामान्य विनोदवीर इथे थांबला असता. मिलिगन पुढे जातो. क्रन विचारतो, मग आज रात्री पुन्हा पेलिकनच जेवायचा का? ती हो म्हणते. मग तो ठरवतो की धोका पत्करून हंगाम नसतानाही हत्ती मारायचा. एकदा हत्ती मान्य केला की त्याचे सगळे परिणामही मान्य करायचे: जेवणाचा प्रश्न, कायदेभंगाची भीती, म्हाताऱ्याचं धाडस. मग ग्रीनस्लेड मध्ये पडतो. ही दोघं मूर्खासारखी बोलताहेत हे जाणत्या श्रोत्यांच्या लक्षात आलंच असेल, असं तो सांगतो. ससेक्समध्ये हत्ती नसतात. हायसं वाटेपर्यंत पुढचं वाक्य: ते केंटमध्ये सापडतात. (केंट म्हणजे शेजारचा जिल्हा.) दुरुस्ती करायला आलेला अधिकृत आवाज त्याच वेडात सामील होतो, आणि ऐकणाऱ्याला टेकायला जागा उरत नाही. गून शोची पद्धत म्हणतात ती हीच.

शिटी, शांतता, पचाक

आणि आता पुडिंग येतं. रेडिओवर ते दाखवायचं कसं?

त्या काळी बीबीसीकडे आवाजाचे दोन मुख्य मार्ग होते. एक, स्पॉट इफेक्ट: माईकजवळ उभा राहून माणूस प्रत्यक्ष करतो ते. लाकडी चौकटीतलं कुलूप-कडीचं दार, खडीचा ट्रे, नारळाच्या करवंट्या. दुसरा, ‘ग्राम्स’: आधी मुद्रित केलेल्या आवाजांच्या तबकड्या. समुद्राच्या लाटा, विमानं, स्फोट, गर्दी. शेजारी शेजारी ठेवलेल्या फिरत्या चकत्यांवर तबकड्या तयार असत. हवा तो आवाज ज्या खाचेत सुरू होतो तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण केलेली असे आणि इशारा मिळताच माणूस सुई तिथे टेकवी.

हे ऐकायला सोपं वाटतं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एक फेरी पुरी करायला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. म्हणजे सुई एक खाच आधी पडली तर आवाज पाऊण सेकंद उशिरा येणार. पुडिंगच्या विनोदात तेवढ्याने सगळं बिघडतं. क्रम असा आहे: बोलणं चालू असताना काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटतं, हवेतून येणारी शिटी, मग आदळणं. शिटीनंतर लगेच पचाक आला तर तो नुसता अपघात. जास्त उशिरा आला तर श्रोता वाट पाहणं सोडून देतो. मधली ती छोटीशी रिकामी जागाच हसवते, कारण तेवढ्या वेळात श्रोता आपोआप खांदे आकसतो.

का आकसतो हे त्या पिढीला सांगावं लागत नव्हतं. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनांचे व्ही-१ उडते बाँब केंट आणि ससेक्सवरून लंडनकडे जात. त्यांच्या इंजिनाचा घरघराट चालू असेपर्यंत भीती नाही. तो थांबला की समजायचं, आता खाली येतोय. मग शांतता, आणि स्फोट. दहा वर्षांपूर्वी अशी शांतता मोजत बसलेल्या माणसांना इथे तसाच क्रम ऐकवला आणि शेवटी स्फोटाऐवजी ओला पचाक. सुटकेचं हसू ते.

‘पचाक’ करणंही सहज नाही. मिलिगनचा एक किस्सा प्रसिद्ध आहे: मोज्यात कस्टर्ड भरून मारल्याचा आवाज हवा म्हणून त्याने बीबीसीच्या कँटीनमधून कस्टर्ड मागवलं, खरोखर मोज्यात ओतलं आणि स्टुडिओत आपटलं. हवा तसा आवाज काही आला नाही. कारण साधं आहे. मऊ, घट्ट पदार्थ आदळताना धक्का स्वतःत जिरवतो, त्यामुळे आवाजाला धारदार सुरुवात मिळत नाही. कानाला ‘ओलं’ वाटायला दोन गोष्टी लागतात: आधी एक चटकन लागणारा तडाखा, आणि त्याच्यामागे घसरत जाणारी चिकट शेपटी. घरी करून पाहायचं असेल तर पीळ न काढलेलं जाड फडकं फरशीवर आपटा, आणि मग पिठाचा तोच प्रयोग पिशवीत करा. फडकं जिंकेल.

शिवाय १९५४ साली हा सगळा मामला मीडियम वेव्हवरचा. बीबीसीचं व्हीएचएफ (म्हणजे एफएम) प्रसारण रोथमहून सुरू झालं मे १९५५ मध्ये. मीडियम वेव्हवर साधारण ४-५ हजार हर्ट्‌झच्या वरचा आवाज घरच्या सेटपर्यंत धड पोचत नसे. म्हणजे बारीक चिकटपणा, थेंबांची टपटप, हे सगळं वाटेतच गळून पडायचं. उरायचा तो ठसठशीत, भडक आवाज. गून शोचे आवाज आज हेडफोनवर थोडे अतिरंजित वाटतात त्याचं एक कारण हे.

या बाबतीत मिलिगन आणि बीबीसी यांची कायम खडाखडी. दारावरची टकटक आणि खडीवरची पावलं, याच्या पलीकडे विनोदी कार्यक्रमाला आवाज लागतात हेच कुणी मानत नाही, अशी त्याची तक्रार होती. या मालिकेचा निर्माता पीटर इटन नाट्यविभागातून आलेला, म्हणून त्याला आवाजाची किंमत होती. शिस्तही त्यानेच लावली. मिलिगन एकट्याने किती पुढे गेला असता याबद्दल त्याचे भक्त भरभरून बोलतात. इटनचं नाव मात्र कमी घेतलं जातं, आणि हा अन्याय आहे.

अजून एक गोष्ट. युद्धातला ब्लॅकआउट म्हणजे गावभर मिट्ट अंधार. म्हणजे पात्रांनाही काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही नाही. काय लागलं, कुठून आलं, कशाचं आहे, हे त्यांना एकमेकांना विचारावंच लागतं. रेडिओ-नाटकात जी माहिती ओढूनताणून संवादात कोंबावी लागते ती इथे आपसूक येते. रेडिओसाठी जागा निवडावी तर अशी.

ट्रामसारखं दिसणारं जहाज

पुढे सीगून आणि ब्लूबॉटल समुद्रमार्गे निघतात. शत्रूच्या पाणबुड्यांना पत्ता लागू नये म्हणून प्रवासभर जर्मन बोलतात, स्पॅनिश माणसांचा वेष करून. जहाजाला आगगाडीचा वेष दिलाय. आगगाडी समुद्रात चालावी म्हणून तिला बोटीचं रूप दिलंय. आणि रंग ट्रामसारखा लावलाय.

हे वाचताना ओळ संपायच्या आत हसून मोकळे होतो, पण रचना पाहा. पहिला वेष: बोट, गाडीसारखी. दुसरा वेष पहिल्याला रद्द करतो, म्हणजे आपण पुन्हा बोटीवर आलो, मेहनत शून्य. तिसऱ्याला कशाशीच देणंघेणं नाही. तरी प्रत्येक पायरीला कारण दिलंय आणि ते कारण पटण्यासारखं आहे. टीव्हीवर हे दाखवता येणार नाही, कारण कॅमेऱ्यासमोर एक काहीतरी वस्तू ठेवावी लागेल. रेडिओवर ती वस्तू ठरवायची जबाबदारी श्रोत्यावर, आणि त्याला ती ठरवता येत नाही हाच विनोद.

यातही खरं युद्ध आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये अल-अलमीनच्या लढाईआधी ब्रिटिशांनी वाळवंटात खऱ्या रणगाड्यांना कापडी खोळी घालून मालट्रक केलं होतं, आणि दुसरीकडे खोटे रणगाडे उभे केले होते. सैन्यात असलेल्या श्रोत्यांना वेषांतरित जहाज फार लांबचं वाटलं नसणार.

अर्ध्या तासाच्या तीन तुकड्यांच्या मधल्या दोन जागांत गाणी येतात: आधी मॅक्स गेल्ड्रे हा डच माउथऑर्गनवाला, नंतर रे एलिंग्टनचा चौकडी संच. नवा श्रोता ती पुढे ढकलतो. पहिल्या वेळी तसं करू नका. तीन-साडेतीन मिनिटं कान शांत झाल्याशिवाय पुढचा तुकडा अंगावर येतो. शिवाय याच वेळात नट मागे जाऊन दुधातून ब्रँडी घेऊन येत. तालमीला दारूबंदी होती, दुधाला नव्हती. गाण्यानंतरचे संवाद जरा जास्तच उधळलेले असतात ते त्यामुळे का, हे ज्याने त्याने ठरवावं.

काही ठिकाणी प्रेक्षक हसतात आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. तिथे अडून बसू नये. ध्वनिमुद्रण प्रेक्षकांसमोर होई आणि नट मंचावर खोड्या काढत, त्या दिसत फक्त तिथल्या लोकांना. पहिल्यांदा ऐकताना शब्द पकडायचा प्रयत्न सोडा, फक्त कोण बोलतंय एवढं ओळखा: पाच आवाज ओळखू आले तरी पुष्कळ. दुसऱ्या वेळी ग्रीनस्लेडची वाक्यं तेवढी नीट ऐका, गोष्ट तोच सांगतो. संवाद तिसऱ्या वेळी. सुदैवाने हा भाग शाबूत आहे. सुरुवातीच्या मालिकांचं ध्वनिमुद्रण जवळजवळ काहीच उरलेलं नाही. साधारण या मालिकेपासून परदेशी केंद्रांना पाठवायला तबकड्या बनू लागल्या, म्हणून पुढचं पुष्कळसं वाचलं.

शेवटी जहाज बुडतं आणि मंडळी उघड्या होडीत. अन्न संपलेलं. होडीत एकच खाण्याजोगी वस्तू उरलीय, ती म्हणजे पुडिंग. पण तेच तर गुन्ह्याचा एकमेव पुरावा! खाल्लं तर जीव वाचेल आणि खटला बुडेल. नाही खाल्लं तर न्याय होईल, पण तो बघायला कुणी उरणार नाही. रेशनच्या काळात सुरू झालेली गोष्ट बरोब्बर भुकेपाशी येऊन थांबते: फेकलेलं अन्न हाच पुरावा, आणि पुरावा हेच अन्न. इथून सुटका नाही, आणि मिलिगन ती शोधतही नाही.

तो ग्रीनस्लेडला पुढे करतो. खायचं की न्यायासाठी मरायचं, एवढा प्रश्न तो श्रोत्यांसमोर ठेवतो. आणि ज्या मठ्ठ मंडळींना गोड शेवटच हवा असेल त्यांच्यासाठी, म्हणतो, हा घ्या. मागे गुलाबी संगीत सुरू होतं. सीगून गहिवरल्या आवाजात विचारतो, प्रिये, माझ्याशी लग्न करशील? मेजर ब्लडनॉक म्हणतो, हो, नक्की करीन. ग्रीनस्लेड आभार मानतो, शुभ रात्री म्हणतो, आणि वाद्यवृंद सुरू होतो.